काट्यावरची बाई शाळेत

सुर्ल्याच्या खाणीवर मी वजनकाट्याच्या खिडकीत बसायची. समोर खनिजाच्या गाड्या रांगेने उभ्या आणि पावती माझ्या हातात. जाताना 'रिकामी', येताना 'भरली', असे दोन शिक्के. माल जास्त झाला की नुसतं बोट दाखवून गाडी मागे फिरवायची. बापाच्या वयाचे ड्रायव्हर "बाये, आजचा दिवस सोड गो" म्हणून गयावया करत, तेव्हा मी पंखा मोठा करून घेत असे. एवढा माज त्या एवढ्याशा खिडकीत मावायचा कसा, देव जाणे.

खाण बंद पडली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. घो म्हणाला, "तुझं डी.एड. पेटीत कुजतंय, ते तरी बाहेर काढ." काढलं. धारगळच्या एका छोट्या मराठी शाळेत जागा मिळाली आणि म्हापशाला बस बदलून मी मुलं घडवायला निघाले. हो, 'घडवायला'. हाच शब्द मी शेजारणीला ऐकवला होता. नातवंडं विचारतात, आजी, तू लहानपणी बावळट होतीस का? लहानपणी नव्हते रे, त्रेचाळिसाव्या वर्षी होते.

वर्गात मी काटाच मांडला, कारण दुसरं काही येत नव्हतं. मुलांनी रांगेत उभं राहायचं, एकेकाने पुढे येऊन वाचायचं. वाचलं तर छातीवर टाचणीने 'भरली'ची चिठी, अडखळलं तर 'रिकामी'. शिक्के खाणीवरचेच, निघताना पर्समध्ये घालून आणले होते. मला वाटायचं, काय कल्पक बाई आहे मी.

दुसरीत एक मुलगी होती. आईबाप बेळगावकडचे, हायवेलगतच्या बांधकामावर कामाला, तिथेच पत्र्याच्या खोलीत राहणारे. कामं बदलता बदलता पोरीची दोन वर्षं गेली होती. बापाने नाव घालतानाच बजावलं होतं, दसऱ्यापर्यंत वाचायला लागली तर ठीक, नाहीतर घरी बसून धाकट्या बहिणीला सांभाळेल. पहिल्या दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली, "बाई, मी कुटं बसू?" त्या हेलावर वर्गात सगळ्यात आधी हसले ती मी. मग मुलं हसली. त्यानंतर पोरीने तोंड उघडलं नाही आणि मी वहीत शेरा लिहिला, काही येत नाही. ओळीने तीन दिवस तिला 'रिकामी' लावून घरी पाठवली. चौथ्या दिवशी ती आलीच नाही, पाचव्याही नाही.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्ही चिठी लावलीत, आता तुम्हीच जाऊन बघा."

वाटेत मी काय काय ठरवलं होतं. अपमानाने पोर झुरत असेल, मी जवळ घेईन, ती रडेल. गेले तर ती बहिणीला मांडीवर घेऊन रॉकेलच्या डब्यावर बसलेली. बहिणीला ताप होता म्हणून शाळा बुडली होती. माझी चिठी कुणाच्या खिजगणतीतही नव्हती.

म्हणजे, मला तसं वाटलं. मग पोरीच्या आईने मला आत नेलं. पत्र्यावर देवाची तसबीर, तिच्याखाली तिन्ही चिठ्या चिकटवलेल्या, प्रत्येकीला कुंकवाचं बोट.

"बाईंनी बक्षीस दिलंय म्हटलं हिच्या बापाला," ती म्हणाली. "तीन दिवसांत तीन. आता दसऱ्याला शाळेतनं काढायचं नाव घेऊ नको म्हटलं. तेवढं काय लिवलंय वाचून दावा की. आमाला येत नाही."

खरं सांगायला एक क्षण होता. मी तो सोडला. चिठीवर बोट ठेवून, चांगला गोड आवाज काढून मी वाचलं, "मुलगी हुशार आहे."

मागून पोरगी म्हणाली, "रिकामी."

आई वळली. "काय गं?"

"रिकामी असं हाय त्यात. तिन्हीत तेच हाय."

पत्र्याची खोली दुपारी किती तापते ते मला तेव्हा कळलं. आईने पदराचं टोक ओलं करून तिन्ही चिठ्यांवरचं कुंकू पुसलं, सावकाश, चिठी फाटू न देता. मग चिठ्या काढून माझ्या हातात दिल्या.

"म्हंजे पोरीला वाचाय येतंय," ती म्हणाली, "आणि बाई, तुमाला येत नाही."

चिठ्या मी पर्समध्ये टाकल्या आणि पोरीला शाळेत पाठवा म्हणून विनवलं. गयावया म्हणतात ती हीच, हे तोंडातून निघताना ओळखलं.

"पाठवीन. पण शाळा सुटली की रोज हितं यायचं. माझ्या पुढ्यात शिकवायचं. काय शिकवताय ते मला दिसाय पाहिजे."

गेले. दसरा होऊन गेला तरी जात राहिले, म्हापशाची बस रोज चुकवून. आई भाकऱ्या थापत बसायची. माझा आवाज चढला की तवा आपटायची. त्या तव्याने मला जेवढं शिकवलं तेवढं डी.एड.ने नाही. पोरगी आधी पुटपुटत वाचायची, मग मोठ्याने, आपल्याच हेलात. एकदा तिने सबंध धडा न थांबता वाचला आणि पुस्तक मिटून म्हणाली, "पुडचा?" खाणीवर इतकी वर्षं बसले, घरी जायची घाई झाली नाही असा एक दिवस आठवत नाही. त्या दिवशी मी म्हटलं, हो, पुढचा.

मार्चात इमारत पुरी झाली आणि ती माणसं निघाली. शाळा सोडल्याचा दाखला मीच लिहिला, मुख्याध्यापिकांची सही घेतली आणि सुवाच्य अक्षराचा अभिमान बाळगत आईपुढे धरला. तिने तो हातात घेतला नाही.

"वाच गं तू आधी," ती लेकीला म्हणाली. "ह्या बाईचं काय सांगता येत नाही."

पोरीने उभं राहून वरपासून वाचायला सुरुवात केली. जन्मगावाशी थांबली. "बाई, हे आमचं गाव नव्हं."

खरंच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. बेळगाव ठोकून मोकळी झाले होते. तिने गावाचं नाव सांगितलं. मी नवा कागद घेतला.