डावीकडे म्हणाले, उजवीकडे गेले

गिरगावातल्या एका मुलींच्या शाळेत मी ड्रिलची बाई होते. अंगाने काठी, गळ्यात शिटी आणि रुबाब असा की फौजच हाताखाली आहे. गणिताच्या बाई मात्र उठसूट माझा तास मागून न्यायच्या. वर म्हणायच्या, तुमचं काय हो, उड्याच तर मारायच्या. मी हसून तास देत असे आणि मग लेझमांच्या खोलीत जाऊन बसत असे. उमेदवारीचं वर्ष होतं. जिचा तासच होत नाही, तिला कायम कोण करणार?

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. एका दुपारी मोठ्या रस्त्यावर लाठीमार सुरू झाल्याचं कळलं. दुकानं धडाधड बंद झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी शाळा सोडली आणि मुलींना मागच्या गल्लीतून न्यायचं काम माझ्यावर आलं. धाकट्या मुली रडत होत्या. मी शिटी फुंकली तर नुसती हवा. तोंडाला कोरड पडलेली.

ड्रिलची बाई मुलींकडे तोंड करून उभी राहते, म्हणून 'डावा' म्हणताना स्वतःचा उजवा हात उचलते. ती सवय माझ्या अंगात मुरलेली. त्या दिवशी मात्र मी पुढे होते आणि मुली पाठीमागे. नाक्यावर मी ओरडले, "डावीकडे वळ!" आणि ताठ मानेने उजवीकडे निघाले, थेट लाठ्यांच्या दिशेने. एकटीच. मुली शिकवल्याप्रमाणे डावीकडे वळल्या होत्या. सगळ्यांत शेवटी गणिताच्या बाईही, छत्री खांद्याला लावून, पावलात पाऊल टाकत.

रडणारी एक चिमुरडी म्हणाली, "बाई, तुम्ही चुकलात."

रांग खुदकन हसली. त्या हसण्यावरच आम्ही गल्ली पार केली.

शाळा पुन्हा उघडली तेव्हा मी धास्तावूनच गेले. डावं-उजवं न कळणारी ड्रिलची बाई ठेवतील कशाला? त्यात शिक्षकांच्या खोलीत मुख्याध्यापिकाबाईंसमोरच गणिताच्या बाईंनी सवयीने माझा तास मागितला. मी सवयीने हसायला लागले.

"तो तास यांचाच," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मुली वळल्या, त्या यांनी शिकवलं म्हणून. यंदाही यांचाच आणि पुढेही."

गणिताच्या बाईंनी बाकावर सरकून मला जागा करून दिली.

त्या 'पुढेही'ने मी इतकी हुरळले, की मैदानाकडे म्हणून निघाले आणि पोचले पाण्याच्या पिंपापाशी.