सपाट मावशी

सपाट मावशींच्या कमरेला कायम एक बोथट सुरी खोचलेली असे. नवी आई पाळणाघराच्या दारातच ती पाही आणि लेकराला घट्ट छातीशी धरी. मग कळे, की सुरी पावडरीच्या दुधासाठी आहे. डब्यातून मापाचा चमचा भरला की मावशी सुरीची पाठ त्याच्यावरून फिरवत आणि 'सपाट!' असं खणखणीत म्हणत. त्यांचं खरं नाव मला आजही ठाऊक नाही.

मंदार तीन महिन्यांचा असताना माझं दूध आटलं, रजाही संपली. डॉक्टरांनी लिहून दिलेला डबा मी तोंड लपवत मावशींच्या हाती ठेवला.

"तोंड काहून पाडता ताई? लेकराचं पोट भरल्याशी मतलब."

घरी मात्र पिशोरहून आलेल्या सासूबाई होत्या. माप द्यायचं ते शीग लावून, हा त्यांचा रिवाज. नातवाला सपाट चमचा त्या कशा देणार? माझ्या नकळत चमच्यावर डोंगर चढू लागला. आठवडाभरात मंदारचं पोट दगडासारखं झालं. तो रडायचा, मी रडायचे. नोकरी सोडायचा अर्जही मी लिहून ठेवला.

मावशींनी मंदारचे कोरडे लंगोट पाहिले आणि एवढंच विचारलं, "घरी दूध कोण करतं?" मला डॉक्टरांकडे पिटाळलं आणि सासूबाईंना बोलावणं धाडलं.

"माझ्या नातवाला मोजून देती व्हय? लई वंगाळ दिसतं ते," सासूबाई आल्या आल्या कडाडल्या.

"आजी, माझा बाप लासूरच्या बाजारात मापाडी होता. मला शीग शिकवता? ज्वारीला लावा की. दुधात पावडर जास्त झाली की पाणी कमी पडतं, लेकरू आतून सुकतं."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. मावशींनी सुरी सासूबाईंच्याच हातात दिली. त्यांनी फुगलेल्या तोंडानं चमचा सपाट केला. चार दिवसांत मंदारनं मावशींचं लुगडं यथेच्छ भिजवलं आणि मी अर्ज फाडला.

मंदार शाळेत जाऊ लागला त्या वर्षी मावशी लेकीकडे, लासूर स्टेशनला कायमच्या निघाल्या. निरोपाला त्यांनी बापाचं जुनं शेराचं माप भरून शेंगा आणल्या. मला भडभडून आलं. ते लपवायला मी "सपाट!" म्हणत मापावरून हात फिरवायला गेले.

मावशींनी माझं मनगट धरलं आणि वर आणखी एक मूठ टाकली. शेंगा घरंगळत पार दारापर्यंत गेल्या.

"राहू द्या ताई. हे काय दूध हाय व्हय?"