थांबा म्हणणारा माणूस

आमच्या सॉसच्या कारखान्यात माझ्या काकांना नावाने कुणी हाक मारत नाही. तिथे ते ‘थांबा’. थांबा आले का, थांबांना विचारा, आज थांबांचा मूड बरा दिसतोय, असंच चालतं. काका चव बघण्याचं काम करतात. टाकीतला सॉस शिजून आला की ते चमच्यावर थोडा घेतात, फुंकर मारतात, जिभेवर ठेवतात आणि छताकडे बघत राहतात. मग दोनपैकी एक शब्द येतो. ‘भरा’ म्हणाले की पट्टा सुरू होतो आणि आम्ही बायका बाटल्या भरायला लागतो. ‘थांबा’ म्हणाले की सगळं जागच्या जागी. दुसरा शब्द पहिल्यापेक्षा जरा जास्तच येतो, म्हणून हे नाव पडलं.

मी त्यांची सख्खी पुतणी. झाकणाच्या मशीनवर बसते. ही नोकरी मला काकांनीच लावून दिली, तरी त्यांच्या नावाने सगळ्यात जास्त बोटं मीच मोडली असतील, कारण पट्टा अडला की जेवायची सुट्टी पुढे जाते. घरीही तोच प्रकार. काकू म्हणते, सगळा संसार करून झाला, पण माझ्या भाजीला ‘भरा’ म्हणून काही मिळालं नाही. कारण पहिला घास घेतला की काका म्हणणार, मीठ नखभर जास्त झालंय.

पण जिभेला ते जपायचे मात्र मनापासून. तंबाखू नाही, सुपारी नाही, कढत चहा नाही. दोन टाक्यांच्या मध्ये कोरडा पाव आणि साधं पाणी. आमच्याकडे एक शब्द आहे, ‘जीभ बसणे’. ओरडून ओरडून आवाज बसतो ना, तशी आंबट-तिखट चाखून चाखून चाखणाऱ्याची जीभ बसते. मग तिला विश्रांती द्यायची, सपक खायचं, ती आपोआप उठते. हा शब्द लक्षात ठेवा, कारण याच शब्दाने काकांचा घात केला. शब्दाने आणि ज्यांना आपण डॉक्टर म्हणतो त्या एका माणसाने.

सुरुवात झाली पायापासून. टाक्यांजवळची फरशी सदा ओली, आणि काकांचे पाय दिवसभर गमबुटात. पायाच्या अंगठ्यांची नखं पिवळी पडून जाड झाली होती, कडेने त्यांचा भुगा व्हायचा. दुखत नव्हती, खुपत नव्हती. गमबुटातली नखं बघायला जातंय कोण? पण नवे साहेब आले आणि त्यांनी एकदा काकांना बूट बदलताना पाहिलं. झालं. चव बघणाऱ्या माणसाची नखं अशी असून कशी चालतील म्हणाले. जणू काका चमचा पायात धरत होते. नखांवर इलाज सुरू करा, नाहीतर टाकीपाशी उभं राहू नका, असा हुकूम सुटला.

म्हणून काका गेले कातडीच्या डॉक्टरांकडे. सोबत काकू होती, तिच्याकडूनच हे सगळं मी ऐकलंय. दवाखाना थंडगार, खुर्च्या मऊ, भिंतीवर गोऱ्यापान गालांची चित्रं. काकांनी मोजा काढला. डॉक्टरांनी टेबलाच्या पलीकडूनच अंगठ्याकडे पाहिलं, वाकायची तसदी घेतली नाही, आणि लिहायला लागले. नखातली बुरशी, म्हणाले. वरून मलम लावून भागणार नाही, पोटातून गोळी घ्यावी लागेल, काही महिने घ्या, रोज एक. संपलं. नखाचा तुकडा काढून तपासणं नाही. रक्त तपासणं नाही. दुसरं कोणतं औषध चालू आहे का, दारू घेता का, कधी कावीळ झाली होती का, यातलं अवाक्षर नाही.

आणि काकांना कावीळ झाली होती. लग्नाच्या आधी, चांगली जोराची. आमच्या घरात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, कारण त्या काविळीमुळे लग्नाची तारीख पुढे गेली आणि काकू ते अजून ऐकवते. डॉक्टरांनी नुसतं विचारलं असतं तरी काकूने तारखेसकट सांगितलं असतं. आमच्याकडे सॉसची बाटली भरायच्या आधी टाकीला चार वेळा विचारतात. माणसात औषध भरायच्या आधी एकदाही विचारावंसं वाटू नये?

काकांनी गोळी सुरू केली. दुकानदाराला रिकामं पाकीट दाखवलं की तो नवीन काढून द्यायचा, चिठ्ठीबिठ्ठी बघत नव्हता. मधल्या काळात काकूच्या पाठीला खाज सुटली, तर ती म्हणाली, तुमच्यातल्या दोन मलाही द्या. काकांनी दिल्या नाहीत, तेही माझं नख माझं औषध अशा चेष्टेत. चेष्टा का होईना, ती वाचली.

मग एक दिवस काकांनी टाकी चाखली, छताकडे बघितलं आणि बघतच राहिले. आणखी एक चमचा घेतला. मीठ टाका म्हणाले. टाकलं. अजून टाका म्हणाले. टाकलं. शेवटी मुकादमाने शंका आली म्हणून स्वतः चमचा चाटला आणि तोंड धुवायला पळाला. ती अख्खी टाकी ओतून द्यावी लागली.

सगळे म्हणाले, थांबांची जीभ बसली. काकाही तेच म्हणाले. मीसुद्धा तेच म्हणाले, कारण आम्हाला दुसरं काय माहीत? काका सुट्टी घेऊन घरी बसले, सपक खाल्लं, जिभेला आराम दिला. जीभ काही उठेना. गोड कळेना, आंबट कळेना. काहीही खाल्लं तरी पत्रा चाटल्यासारखं लागायचं. आणि रोज जेवण झालं की ती गोळी न चुकता घ्यायचे. मधे पुन्हा दवाखान्यात गेले, तर डॉक्टर आत कुणाशी तरी बोलत होते. बाहेर नंबर लावणाऱ्या माणसानेच नखं पाहिली, छान फरक आहे म्हणाला, चालू ठेवा. काकांनी जिभेचं सांगितलं नाही. का सांगतील? जीभ कारखान्याची बाब आणि नख दवाखान्याची, असा त्यांचा सरळ हिशोब. आपल्या गोळीने चव जाऊ शकते हे ज्याला माहीत असायला हवं, त्याने आधी सांगायला नको? मला हे आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. काकांच्या तळपायाला निदान औषध तरी होतं.

कामावर परत आल्यावर साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. मी पट्ट्यापाशीच होते, सगळं ऐकू येत होतं. साहेब म्हणाले, चव कळत नसली तर नसू दे, सॉस ठरल्या मापानेच बनतो. तुम्ही आपलं सवयीप्रमाणे ‘भरा’ म्हणत जा, बायकांना तेवढं ऐकल्याशिवाय हात चालवायची सवय नाही.

काका म्हणाले, “साहेब, न कळता ‘भरा’ म्हणणं मला जमणार नाही.”

मग त्यांना बाटल्या धुवायला लावलं. एवढ्या वर्षांच्या माणसाला. आणि चमचा कुणाच्या हातात गेला, तर साहेबांच्या मेहुण्याच्या. त्याच्या तोंडात दिवसभर पेपरमिंटची गोळी. माझ्या काकांच्या नखाची सर नाही त्याला, पण ‘भरा’ म्हणायला जोर काय लागतो? टाकीचं झाकण उघडायच्या आधीच त्याचं ‘भरा’ यायचं. आम्हाला जेवायची सुट्टी वेळेवर मिळायला लागली आणि कुणाला जेवण गोड लागेना.

काकांचं जेवण तर तुटलंच. काकू म्हणायची, तोंडाला चव नाही तर भूक कुठून लागणार. खरंच वाटायचं. थकवा आला, तर बाटल्या धुण्याचं काम जड आहे म्हणून. लघवी गडद व्हायला लागली, तर पाणी कमी पितात म्हणून. मळमळायचं, तर उपाशीपोटी राहतात म्हणून. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे उत्तर तयार. ‘जीभ बसली’ या एका शब्दाखाली माणसाचं यकृत खराब होत चाललं होतं आणि आम्ही त्याला सपक भात वाढत होतो.

बाटल्या धुवायची जागा मागच्या अंगणात, उन्हात आहे. दुपारी मी त्यांना डबा द्यायला गेले. त्यांनी मान वर केली आणि मला त्यांचे डोळे दिसले. पांढरं असतं ते पिवळं झालं होतं. मी डबा तिथेच ठेवला, काकूला फोन केला, आणि त्यांना तशाच ओल्या कपड्यांत पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. काकू तिथेच येऊन पोचली.

तिथली डॉक्टरीण पोरसवदा, केस विस्कटलेले, समोर माणसांची रांग. तिने डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. काका म्हणाले, कोणत्याच नाहीत.

“काहीच नाही? डोकेदुखीची, झोपेची, कातडीची, कसलीही?”

“नाही. नखाची तेवढी एक घेतो, पण ते काही औषध नव्हे.”

तिने लिहिता हात थांबवला. काकूने पिशवीतून पाकीट काढून दिलं. तिने नाव वाचलं, टर्बिनाफिन, आणि तिचा चेहराच बदलला. गोळी या क्षणापासून बंद, म्हणाली. तिथल्या तिथे रक्त काढलं. मग तिने आम्हाला समोर बसवून सांगितलं, रांग तशीच ठेवून. औषध वाईट नाही, म्हणाली, पुष्कळ लोक हे घेऊन बरे होतात. पण नखात खरंच बुरशी आहे का ते आधी तपासायचं. यकृताचं काही दुखणं झालं होतं का ते विचारायचं, रक्त बघायचं. दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या सांगायच्या, आपली गोळी दुसऱ्याला द्यायची नाही. काही जणांची याने चव जाते, आणि तसं झालं की लगेच डॉक्टरांना सांगायचं. भूक मेली, मळमळलं, लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले, तर पुढची गोळी घ्यायचीच नाही, थेट दवाखाना गाठायचा.

काकूने विचारलं, “आणि लग्नाआधी कावीळ झाली होती, ते?”

“हे तुम्ही त्या डॉक्टरांना सांगितलं नाहीत?”

काकू म्हणाली, “त्यांनी विचारलंच नाही हो.” आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. माझ्या काकूला मी तोवर रडताना पाहिलं नव्हतं.

यकृत सावरलं. वेळेवर आलात, म्हणाली डॉक्टरीण. पण चवीचं ती काही नक्की सांगेना. बहुतेकांची परत येते, म्हणाली, हळूहळू येते, क्वचित फार दिवस लागतात. काका एवढंच विचारत राहिले, येईल ना. डोळ्यांचं विचारलं नाही, पोटाचं विचारलं नाही.

अंगात चालण्याइतकं बळ आल्यावर मी त्यांना घेऊन त्या कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. काका नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. बाहेरच्या माणसाला न जुमानता आत शिरले आणि रक्ताचे कागद टेबलावर ठेवले. मला निदान एक शब्द हवा होता, चुकलं एवढाच. डॉक्टरांनी कागद वरवर चाळले. असं फार क्वचित होतं, म्हणाले, आणि त्रास होत होता तर तुम्ही सांगायला हवं होतं. त्यांच्या पोटातलं पाणी हललं नाही. मग त्यांची नजर काकांच्या चपलांकडे गेली आणि चेहरा खुलला.

“पण नखं बघा की, किती छान आली आहेत.”

काका खाली बघून म्हणाले, “आली आहेत. पण डॉक्टर, मी नखांनी चव बघत नाही.”

आणि उठले. मला अजून खूप बोलायचं होतं, पण रक्ताचे कागद गोळा करून मी त्यांच्यामागे निघाले.

पुढचे कितीतरी आठवडे काकू रोज ताट वाढायची आणि काकांच्या तोंडाकडे बघत बसायची. काका मुकाट्याने जेवायचे. भाजीला नाव नाही, रश्शाला नाव नाही. काकू मला म्हणाली, मी जन्मभर शांत नवरा मागितला, तो असा मिळाला. मग एक दिवस पहिल्या घासाला ते थांबले, छताकडे बघितलं आणि म्हणाले, मीठ नखभर जास्त झालंय. काकूने त्या दिवशी ती भाजी शेजारीपाजारी वाटली.

कारखान्यात इकडे मेहुण्याने भरायला लावलेल्या बाटल्या दुकानांतून परत यायला लागल्या होत्या. कुठे आंबट, कुठे करपट. साहेबांनी काकांना बोलावणं पाठवलं, जणू काही झालंच नव्हतं. काका गेले. मला राग आला होता, मी असते तर गेले नसते. पण ते गेले, गमबूट घातले, टाकीपाशी उभे राहिले. पट्ट्यावर आम्ही सगळ्या हात रोखून बसलो. काकांनी चमचा घेतला, फुंकर मारली, जिभेवर ठेवला. छताकडे बघितलं. कोरडा पाव खाल्ला, पाणी प्यायले, पुन्हा चमचा घेतला. जेवायची वेळ होत आली होती.

साहेब घड्याळ बघत म्हणाले, “अहो, म्हणून टाका की ‘भरा’.”

काका त्यांच्याकडे वळले. “साहेब, माणसाच्या पोटात जाणारी वस्तू आहे. एकदा गेली की परत काढता येत नाही.”

मग आमच्याकडे बघून, सगळ्या पट्ट्याला ऐकू जाईल असं म्हणाले, “थांबा.”

आणि आम्ही उपाशीपोटी थांबलो.