पुस्तक ती धरेल

"ही घाण कुणाची?"

बाईंनी पुस्तक उघडून सगळ्या वर्गाला दाखवलं. पानाच्या कडेला निळे ठसे. पुढचं पान उलटलं, तिथेही. मी सहावीत होते. उठून उभी राहिले. नाव घ्यायची गरजच नव्हती, पोरं माझ्या हातांकडेच बघत होती.

आम्ही उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पात राहतो. आई कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे घरी आणायची आणि आम्ही दोघी त्यांचे सुटलेले धागे कापायचो. कोऱ्या जीन्सचा रंग घामाच्या हाताला लागतो. साबणाने घासा, शॅम्पूने घासा, ढिम्म हलत नाही. शाळेत तेव्हा पन्नास पुस्तकांचं चॅलेंज होतं. वाचलेल्या पुस्तकाचं नाव कार्डावर लिहायचं, पुढे बाईंची सही. मी दहा पँटी झाल्या की चार पानं वाचायचे. मला ती पन्नास पुरी करायचीच होती. वेडच लागलं होतं म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला प्लास्टिकचे हातमोजे दिले. केस रंगवायच्या पाकिटात मिळतात, तसले. "यापुढे हे घालून वाच." मागून कोणीतरी ओरडलं, "ए, मत छू, रंग लगेगा!" बाईसुद्धा हसल्या. आणि मी? मुकाट घातले. त्याचा राग मला अजून येतो, स्वतःचाच.

मोज्यांनी पान उलटत नाही. दोन-दोन, तीन-तीन एकदम येतात. आईने पाहिलं. मग म्हणाली, "पँटीला हे हात चालतात, आन् पुस्तकाला नाय व्हय?"

"नियम आहे गं, सगळ्यांनाच," मी म्हटलं. खोटं बोलले. मला तेव्हा आईचीच लाज वाटत होती. लिहिताना जड जातंय, पण खरं आहे.

चॅलेंज संपताना पाहुणे येणार होते. त्यांच्यापुढे मोठ्याने वाचायचं होतं, आणि वर्गात न अडखळता वाचणारी मीच. सरावाला बाईंनी मला स्टेजवर उभं केलं. त्या दिवशी बाई स्वतः जीन्स घालून आलेल्या. शेजारी दुसरी मुलगी, तिच्या हातात पुस्तक.

"पुस्तक ती धरेल. तू हात मागे घे आणि फक्त वाच. फोटो निघणार आहेत."

मी पहिली ओळ वाचलीसुद्धा. दुसरी वाचवेना.

"पुस्तक मी धरणार."

"नखरे नकोत."

"मग मी वाचणार नाही."

"वाचून झालेल्या एक्केचाळीस पुस्तकांवर पाणी सोडशील?"

"सोडते."

बाईंनी माझं कार्ड घेतलं आणि नावावर काट मारली. कार्यक्रमात दुसऱ्याच मुलीने वाचलं, अडखळत. टाळ्या झाल्या. घरी येऊन मी खूप रडले. त्या एक्केचाळीस पुस्तकांसाठीच रडले, उगाच शूरपणा कशाला सांगू?

आता मी कॉलेजात आहे. गठ्ठे अजून येतात. आणि लोक मला बोलावतात, "तू छान बोलतेस, आमच्या कार्यक्रमात बोल ना." मी आधी विचारते, मला कुठे उभं करणार, आणि कसं? माझा आवाज हवा आणि हात लपवायचे, असं असेल तर मी तोंड उघडणार नाही. कुणाच्याही स्टेजवर.