थांबवलेली करवत

"साहेब, मना हात वाचना!" नानांनी कापलेला पाइपचा तुकडा माझ्यापुढे धरला. ते करवतीवर काम करत. पात्यात प्लास्टिकचा किस अडकला की ‘थांबा’चं बटण दाबायचं आणि किस हाताने काढायचा, ही रोजची पद्धत. त्या दिवशी बटण दाबूनही करवत खाली आली. हाताआधी तुकडा घालून पाहायची नानांना सवय होती, म्हणून बोटं राहिली.

करवत चालवणारा प्रोग्राम माझा होता. 

नव्वदच्या दशकाची अखेर, जळगावजवळचा प्लास्टिक पाइपचा कारखाना. शेठ डोक्यावर उभे. "धुळ्याचा ट्रक खोळंबलाय. चालू करा."

"नाही करणार."

"एकदाच झालंय ना?"

"बोटंही एकदाच जातात, शेठ."

शेठनी हातकरवतीवर माणसं लावली आणि तासातासाला मला टोमणे मारले.

प्रोग्राममध्ये करवतीसाठी वेगळा थ्रेड होता, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारं एक काम. थांबायचं असलं की तो कंडिशन व्हेरिएबलवर झोपे. ती एक घंटा समजा. वाजली की थ्रेड उठतो.

दोन दिवस मी ‘थांबा’ दाबत होतो आणि करवत शहाण्यासारखी थांबत होती. जेवण गोड लागेना. उगाच सगळ्यांवर खेकसत होतो. शेवटी नानांना विचारलं, "त्या वेळी मागचं पाइप बनवणारं मशीन बंद होतं ना?"

"ते कसाले बंद करसूत? प्लास्टिक मजारमा बठ्ठं गोठी जाई! पाइप तं येतच ऱ्हास."

आत सगळं प्लास्टिक गोठेल म्हणून ते मशीन कधी बंदच करत नसत! मी कपाळावर हात मारला. मी तपासत होतो तेव्हा पाइप हातकरवतीवरच कापला जाई, माझ्या करवतीपर्यंत येतच नसे. एरवी फक्त करवत थांबवत, पाइप येतच राही. मागून पुरेसा लांब पाइप आला की तीच घंटा वाजे, आणि उठलेला थ्रेड ‘थांबा’ची मनाई अजून आहे का हे न बघता कापायला निघे. नाना किस चटकन काढत, म्हणून इतके दिवस निभावलं. मी ‘इफ’ लिहिलं होतं, म्हणजे एकदाच बघ. हवं होतं ‘व्हाइल’: उठलास की परत बघ, मनाई असेल तर परत झोप.

"एका शब्दासाठी दोन दिवस?" शेठ म्हणाले.

 शब्द बदलून, मागून पाइप करवतीकडे येऊ देत मी ‘थांबा’ दाबलं. नाना सवयीने पुढे झाले. त्यांना बाजूला सारून मी स्वतःचा हात पात्याखाली धरला. मागून पाइप येतच राहिला. करवत हलली नाही.

दुसऱ्याच दिवशी करवतीची वीज तोडणारा वेगळा खटका बसवून घेतला. आपल्या प्रोग्रामवर विश्वास असावा, पण दुसऱ्याची बोटं पणाला लावून नव्हे.