मामांचा मंगळवारचा फिल्टर

धुळीची पारख माझ्या सासऱ्यांना होती तेवढी वसमत तालुक्यात कोणाला नव्हती, आणि मला विचाराल तर अख्ख्या हिंगोली जिल्ह्यातही नसावी. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांची कुरुंद्याला पिठाची गिरणी होती. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचं धान्य दळलं आणि त्याचं पीठ स्वतःच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर आणि सदऱ्याच्या शिवणींत वागवलं. चिमूटभर पूड अंगठा आणि बोटात चोळली की ते डोळे मिटून सांगत, ही ज्वारीची, ही हळदीची, ही रस्त्याची. रस्त्याची असेल तर हट्ट्याकडच्या काळ्या रानाची की शिरड शहापूरकडच्या मुरमाची, हेही सांगत. एकदा एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या खांद्यावरची धूळ त्यांनी अशीच चिमटीत घेतली आणि त्याला म्हणाले, "तुमी काल हरभऱ्याच्या खळ्यावर व्हता." तो माणूस पुढच्याच थांब्यावर उतरला. त्याला तिथंच उतरायचं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

या माणसाची आणखी एक गोष्ट म्हणजे ते लेकीच्या घरी पाणीसुद्धा पीत नसत. लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही जुनी रीत. बहुतेक घरांत ती वर्ष-दोन वर्षांत आपोआप संपते, पेढे वाटले जातात आणि आजोबा पोटभर जेवून जातात. आमच्या घरी ती संपली नाही. मला आणि छायाला मूल झालं नाही. नांदेडचे दवाखाने झाले, औषधं झाली, नवस झाले, आणि एका वर्षी आम्ही दोघांनीही त्याबद्दल बोलणं बंद केलं. मामांनी त्याबाबत मला एका शब्दाने कधी विचारलं नाही. पण रीतही मोडली नाही. तेव्हा मला त्यांचा राग यायचा. आज वाटतं, त्यांनी आमच्याकडे ताट वाढून घेतलं असतं तर बापाने आशा सोडली असा त्याचा अर्थ लेकीने काढला असता, आणि ते त्यांना नको होतं.

त्यामुळे पहिली आठ-नऊ वर्षं मामा वर्षातून दोनदा यायचे, तेही कपड्याच्या पिशवीत स्वतःची भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली घेऊन. वसमतला आमचं घर वर आणि दुकान खाली. मामा वर येत, खाटेच्या कडेवर पाहुण्यासारखे बसत, लेकीला डोळे भरून पाहत आणि भूक लागली की खाली उतरून दुकानासमोरच्या पायरीवर जाऊन भाकरी सोडत. पायरीबाबत त्यांनी बराच विचार केला होता. वरची पायरी आमची, म्हणजे लेकीची. नालीच्या पलीकडची खालची पायरी नगरपालिकेची, म्हणजे सरकारी. ते खालच्या पायरीवर बसत. छायाने एकदा लोणच्याची फोड आणून दिली तर म्हणाले, "माय, पायरी सरकारी हाय, लोणचं सरकारी न्हाई."

मग आमच्या दुकानात लेझर मशिन आलं. लाकडाच्या पट्ट्या, अ‍ॅक्रिलिकचे तुकडे कापून आम्ही दारावरच्या पाट्या, बक्षिसाच्या ढाली, लग्नातल्या स्टेजवरची वधू-वरांची नावं बनवायला लागलो. लेझरने कापताना धूर होतो, लाकडाचा कडवट आणि अ‍ॅक्रिलिकचा गोडसर, डोक्यात जाणारा. सुरुवातीला आम्ही तो पंख्याने खिडकीबाहेर सोडत होतो, तो सरळ शेजारच्या शिंप्याच्या शिवलेल्या कपड्यांत जाऊन बसायचा, आणि गिऱ्हाइकं नव्या ब्लाउजचा वास घेऊन त्याच्याशी भांडायची. शेवटी धूर ओढून गाळणारी पेटी घ्यावी लागली. तिच्यात तीन फिल्टर. पहिला जाड कापडासारखा, ढोबळ कचरा अडवणारा. दुसरा घड्याघड्यांच्या कागदाचा, बारीक काजळी अडवणारा. तिसरा कोळशाच्या दाण्यांचा, वास शोषणारा. पेटी आली त्याच आठवड्यात मामा आले, तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, झाकण उघडून आत डोकं घातलं आणि आतूनच म्हणाले, "अरे, ही तर आपल्या गिरणीची भाचीच हाय."

त्या दिवशी त्यांनी पहिला फिल्टर काढून ब्रशने इतका स्वच्छ केला की नवा वाटावा. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. छाया सवयीने माझ्यासाठी चहा घेऊन आली होती, तिने चुकून दुसरा कप त्यांच्यासमोर धरला आणि धरल्यावर तिच्या लक्षात आलं. मामांनी कपाकडे पाहिलं, मग स्वतःच्या काळ्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हे तर कामाचं हाय," ते म्हणाले. "मजुराला चहा देतच असतेत. बराबर हाय ना, जावाईबापू?" मी बराबर म्हणालो. लग्नानंतर नऊ वर्षांनी बाप लेकीच्या हातचा चहा प्यायला, आणि मी मात्र तेव्हा हातातल्या पाटीचा काना नीट कापला गेला की नाही हे बघत होतो.

तेव्हापासून मामा दर मंगळवारी यायला लागले. मंगळवारी सकाळी दहापर्यंत आमच्या भागातली वीज दुरुस्तीसाठी बंद असायची, मशिन थांबलेलं असायचं. कामाचे दरही त्यांनी ठरवून टाकले. पहिला फिल्टर साफ केला तर अर्धा कप. कागदाचा फिल्टर बदलला तर पूर्ण कप आणि वाटीभर सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे. कोळशाचा बदलला तर जेवण. कोळसा वर्षातून दोनदा बदलायचा, त्यामुळे आमच्या घरी दिवाळीखेरीज आणखी दोन सण सुरू झाले. त्या दिवशी छाया पहाटेपासून पुरण शिजवायची. पुढे पुढे मला असं दिसायला लागलं की कोळसा सहा महिन्यांऐवजी चार महिन्यांतच मरतोय. छाया नाक वर करून म्हणायची, "वास येऊन राहिला, दादांना सांगते." वडिलांना ती दादा म्हणायची. मला काही वास यायचा नाही. मी आपला कोळशाच्या दर्जाला नावं ठेवायचो.

मामा हे काम निष्ठेने करत. वीज आली की मशिनपासून पेटीकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी उदबत्ती धरून ते धूर किती जोरात ओढला जातो ते पाहत. धूर रेंगाळला की समजायचं, फिल्टर तुंबला. गिऱ्हाइकांना वाटायचं पूजा चालू आहे. दोन-तीन जण चप्पल काढून पेटीला हात जोडून गेल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. मामा त्यांना अडवत नसत. जुना फिल्टर काढला की ते तो उजेडात धरून वाचत. "मागल्या पंध्रवड्यात लगीनं लई झाली," ते काजळीचा रंग बघून म्हणत, आणि ते खरं असायचं.

चूक त्यांच्याकडून एकदाच झाली. गिरणीत धूळ धरायला कापडी पिशवी असते, ती झटकायची, धुवायची, वाळवायची, पुन्हा लावायची. नवा घेतलेला कागदाचा फिल्टर दोन महिन्यांत टाकून द्यायचा हे त्यांना काही पटेना. म्हणून त्यांनी मला न विचारता तो सोड्याच्या पाण्यात धुतला आणि गच्चीवर छायाच्या सांडग्यांशेजारी वाळत घातला. संध्याकाळी त्याच्या घड्या भिजल्या वहीसारख्या फुगून उलगडल्या होत्या. मामा त्याच्याकडे बघत उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. त्यापुढचे दोन मंगळवारही त्यांनी काम सगळं केलं आणि पाणी स्वतःच्या बाटलीतलंच प्यायले. छाया कप घेऊन उभी राहिली तर म्हणाले, "नुकसान केलेल्या मजुराला चहा देत असतेत काय, माय?"

आता माझी चूक सांगतो, ती मोठी आहे. मामांची सत्तरी उलटली. एका वैशाखात ते बसस्थानकावर चक्कर येऊन बसले, कोणीतरी त्यांना दुकानापर्यंत आणून सोडलं. मला फार वाईट वाटलं. माझ्या दुकानासाठी म्हातारा माणूस उन्हात हेलपाटे घालतोय, लोक मला काय म्हणतील, असंही वाटलं. मी नवी पेटी घेतली. ती स्वतःचे फिल्टर स्वतःच हवेच्या झटक्याने झाडते आणि खरंच बदलायची वेळ आली तर तिच्यावरचा हिरवा दिवा लाल होतो. विकणारा म्हणाला, वर्षभर बघायला नको. मी खूश होऊन जुनी पेटी देऊन टाकली.

पुढच्या मंगळवारी मामा पिशवी घेऊन आले. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि नव्या पेटीचे गुण ऐकवले. वीज आल्यावर मामांनी उदबत्ती लावली, नळीशी धरली. धूर सुईत दोरा ओवावा तसा सरळ आत गेला. "लई भारी हाय," ते म्हणाले. "आता तकलीफच न्हाई." छाया चहा घेऊन खाली आली. मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढे करून दाखवले, तळवे वर करून. हात स्वच्छ होते. "आज काम कुठं केलं, माय," ते म्हणाले. मग खालच्या पायरीवर जाऊन बाटलीतलं पाणी प्यायले आणि अकराच्या बसने परत गेले. कपातल्या चहावर साय धरली, ती मीच बाजूला केली आणि चहा पिऊन टाकला. मला तेवढीच अक्कल होती.

नंतर ते आले नाहीत. फोन केला की म्हणायचे, हळदीचं काम चालू हाय, गुडघा दुखून राहिला, बघतो पुढच्या बारीला. असे पाच मंगळवार गेले. सहाव्या मंगळवारी छायाने माझ्यापुढे चहा ठेवला आणि उभ्या उभ्या म्हणाली, "तुमी माझ्या बापाचा चहा बंद केला." ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. मी कप हातात धरून बसलो, आणि इतक्या वर्षांचे सगळे मंगळवार, लवकर मरणारे कोळसे, पहाटेचं पुरण, सगळं एकदम माझ्या लक्षात आलं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

जुनी पेटी तर गेली होती. दोन दिवस विचार करून मी एक युक्ती काढली. सोमवारी फोन केला, "मामा, नव्या पेटीने दगा दिला. लाल दिवा लागलाय. धूर ओढत नाही." आणि मंगळवारी सकाळी, छाया वर असताना, नव्या पेटीचा पहिला फिल्टर उघडून त्यात कणीक चाळली. रंग बरा यावा म्हणून देवघरातल्या उदबत्तीची राख मिसळली. दिव्यावर लाल कागद चिकटवला. कुरुंद्याच्या गिरणीवाल्याला मी पिठाने फसवायला निघालो होतो, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

मामा पहिल्या बसने आले. पिशवी ठेवली, बाह्या सरसावल्या, फिल्टर बाहेर काढला. लेक समोर उभी होती. त्यांनी चिमूटभर घाण अंगठा आणि बोटात धरून चोळली आणि त्यांचा हात थांबला. डोळे मिटले. मग उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघत होतो.

"लई घाण झालं व्हतं," मामा छायाला म्हणाले. "बराबर टायमावर बोलावलं जावाईबापूंनी. जा माय, चहा टाक."

छाया जिन्यावरून वर गेली, तिची पावलं भराभर वाजली. ती दिसेनाशी झाल्यावर मामा ब्रश चालवत हळू आवाजात म्हणाले, "गहू हाय. आपल्याच गिरणीचा हाय. राख उदबत्तीची." "पुढच्या बारीला जाडं पीठ घ्या. बारीक पीठ आतल्या कागदात जाऊन बसतंय, मग निघत न्हाई. अन् पीठ टाकून मशिन चालवू नका, पेट घेतंय ते. मी येण्याच्या आधी टाकायचं. मी झाडून काढलं की मंग चालू करायचं."

"काहून इतकी तकलीफ घेता, मामा?" मी विचारलं. "नुसता चहा प्या ना."

"न्हाई," ते म्हणाले. "कामाचाच गोड लागतो."

त्यानंतर चार वर्षं दर मंगळवारी मी जाडी कणीक टाकली आणि दर मंगळवारी मामांनी ती काढली. छायाला हे माहीत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. पण सोमवारी रात्री ओट्यावर पिठाचा डबा आणि जाड चाळणी काढून ठेवलेली असायची. शेवटच्या वर्षी मामांचे हात थरथरायला लागले, स्क्रू जागेवर बसेना. तेव्हा ते खुर्चीवर बसून मला सांगायचे, ब्रश एकाच दिशेने चालवा, नळी चोंदली का बघा, कडेचं रबर पुसा. चहा आला की घ्यायचे. "शिकवणं बी कामच हाय," असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं आणि त्याचा दर पूर्ण कप लावला होता.

पोळ्यानंतर मामा गेले. झोपेतच गेले. त्यांच्या पिशवीत ब्रश, उदबत्तीचा पुडा आणि पाण्याची बाटली होती. बाटली कोरडी होती. छाया म्हणाली, गेली चार वर्षं ते ती भरतच नव्हते.

पेटी चांगली चालते. दिवा हिरवा असतो. तरी मंगळवारी वीज गेली की मी फिल्टर बाहेर काढतो, ब्रश एकाच दिशेने चालवतो, कडेचं रबर पुसतो, वीज आली की नळीशी उदबत्ती धरून बघतो. त्यात फारसं काही निघत नाही. काम संपलं की छाया खाली येते, माझे हात बघते आणि मला चहा देते. अर्धाच कप देते. पहिल्या फिल्टरचा दर तेवढाच आहे.