भोसरीच्या शेडमधलं त्रिकूट

निघायच्या दिवशी वाकडच्या फ्लॅटखाली कॅब उभी होती आणि आई मागच्या सीटवर लाडवांचा डबा नीट बसवत होती. बाबा एकच वाक्य बोलले, "चेलो नेत नाहीस म्हणजे परत येणार." मी मान डोलावली. चेलो म्हणजे खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन. माझा चेलो मी आदल्या दिवशीच भोसरीला अरविंदकाकांच्या कारखान्याच्या शेडमध्ये ठेवून आलो होतो. चाकणच्या कंपनीनं जर्मनीला पाठवलं होतं. दोन वर्षांत येतो, असं काकांना आणि मंदाताईंना सांगितलं होतं.

तुम्ही जे तिथेच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या सगळ्यांना हे लिहितो आहे. इथे स्टुटगार्टमध्ये सकाळी ट्रामची वाट पाहताना धुकं असतं, आणि त्या धुक्यात मला शेडमधल्या मशीन ऑइलचा वास येतो. येत नसणारच. तरी येतो.

आमचं त्रिकूट असं. अरविंदकाका गिअर बनवायचे आणि पियानो वाजवायचे. मंदाताई शाळेत गणित शिकवायच्या, त्यांचं व्हायोलिन. मी चेलोवर. पियानो काकांच्या घराच्या जिन्यातून वर चढेना, म्हणून तो शेडमध्येच, ऑफिसच्या काचेमागे राहिला. शेजारी पॉवर प्रेस. दिवसभराच्या धक्क्यांनी पियानोचे सूर हळूहळू उतरायचे आणि ते लावणारा माणूस मुंबईहून वर्षातून एकदाच यायचा. पियानोचे सूर आयत्या वेळी बदलता येत नाहीत. म्हणून आम्ही दोघं आमच्या तारा उतरवून त्याच्याशी जुळवायचो. साऱ्या जगापेक्षा आम्ही थोडे खालीच असायचो, पण एकमेकांशी पक्के जुळलेले.

खंडेनवमीला मशिनं बंद. लेथला झेंडूची माळ, प्रेसला हळदकुंकू, पियानोलाही. मग आम्ही वाजवायचो, आणि कामगार बायकापोरांसह सतरंजीवर बसून ऐकायचे. पहिल्या वर्षी प्रेसवरचा मोशीचा सोपान मला म्हणाला, "राव, एवढं दांडगं व्हायोलिन, आन् आवाज म्हशीवानी. पण ग्वाड हाय." पुढे आम्ही कॉलेजांत वाजवलं, चर्चमध्ये वाजवलं, पुण्याच्या सभागृहांत वाजवलं. आमचा खरा कार्यक्रम मात्र तोच. त्या सतरंजीवरची मुलं एकेक करून मंदाताईंकडे शिकायला येऊ लागली.

दोनाची चार वर्षं झाली, चाराची दहा. दर फोनवर मी म्हणायचो, पुढच्या दसऱ्याला नक्की. बोलताना ते मला खरं वाटायचं, हेच वाईट. पुण्यातल्या एका चांगल्या चेलोवादकानं माझ्या जागी वाजवू का असं स्वतःहून विचारलं, तेव्हा काका त्याला म्हणाले, आमचा माणूस यायचाय. हे मला फार उशिरा कळलं. तेवढी वर्षं ते दोघंच वाजवत राहिले. तिघांसाठी लिहिलेलं सगळं संगीत कपाटात पडून. मी परत येत नव्हतो आणि जागाही सोडत नव्हतो.

यंदा रजा काढून खंडेनवमीला गेलो. काकांची बोटं आता थरथरतात. मंदाताईंनी मला प्रेसच्या आडोशाला गाठलं.

"काकांची वाजवायची फार वर्षं उरलेली नाहीत. तू येणार आहेस का? पुढच्या दसऱ्याचं सांगू नकोस."

स्टुटगार्टला मी घर घेतलंय. मुलगी जर्मनमध्ये स्वप्नं बघते. मी म्हणालो, "नाही, ताई."

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मग हे आधीच म्हणायचंस रे," एवढंच बोलल्या, आणि नेहाला हाक मारली. नेहा सोपानची मुलगी, चाकणला एका कंपनीत क्वालिटी तपासणीच्या विभागात नोकरी करते. त्याच पुण्याच्या वादकाकडे ती माझ्या चेलोवर शिकली होती. तिनं चेलोची खालची सळई आपल्या उंचीला बेतेल एवढी आत सरकवली आणि माझ्याकडे पाहिलं. "दादा, चालंल ना?"

"तुझाच आहे आता."

मी सतरंजीकडे वळलो, तसे काका पियानोवरून म्हणाले, "कुठं निघालास? पानं कोण उलटणार? मला आता मध्ये हात काढता येत नाही."

काकांच्या डाव्या बाजूला उभा राहिलो. चेलो वाजवणाऱ्याला त्रिकूट कधी पुरतं ऐकू येत नाही, त्याचा स्वतःचाच आवाज छातीत घुमत असतो. त्या दिवशी आमचं त्रिकूट मी पहिल्यांदा ऐकलं. पत्र्याखाली तीन आवाज एकमेकांना वाट देत फिरत होते, आणि त्यात माझी उणीव कुठेच नव्हती. दुखलं. मग दुखायचं थांबलं. ऐकता ऐकता एक पान उलटायचं राहिलं. काकांनी ते पाठ असल्यासारखं वाजवून नेलं आणि माझ्याकडे पाहून फक्त एक भुवई वर केली.

तुझं घर कुठे, असं इथे कुणी विचारलं की पूर्वी मी वाकडचा पत्ता सांगायचो. आता मला ती पियानोची डावी बाजू आठवते, जिथे मी नसलो तरी काही अडत नाही आणि असलो तर हातात काम मिळतं. या वेळी निघताना मंदाताई गेटपर्यंत आल्या. कधी येशील, असं त्यांनी विचारलं नाही. मीही तारीख दिली नाही.